वाचक विचारतात: आयडिया, व्होडाफोन आणि शटरवरचे रंग

प्रश्न: मी सांगलीची. बाबांचा नंबर मूळचा आयडियाचा, माझा व्होडाफोनचा, आता दोन्ही 'वी'. बाबा अजून दुकानात जाऊन "आयडियाचा रिचार्ज मारा" म्हणतात आणि दुकानदारही निमूट मारतो. माझं विचारणं असं की कंपन्या २०१८ लाच एकत्र आल्या, मग नाव बदलायला दोन वर्षं का लागली? आणि चांगली चालणारी दोन नावं टाकून हे दोन अक्षरी काय घेतलं?

उत्तर: बाबांना काही म्हणू नका, दुकानदारालाही बहुतेक आयडियाच आवडतं. मी स्वतः डोंबिवलीत रिचार्जचं काउंटर चालवलंय, तेव्हा हे नाव बदलणं मी कागदावर नाही तर शटरवर बघितलंय. आमच्या मुंबई सर्कलमध्ये, म्हणजे फोन कंपन्यांच्या लायसन्सच्या विभागात, ९८२०० वाले आधी मॅक्स टच होते, २००० मध्ये ऑरेंज झाले, २००५ मध्ये हच, २००७ च्या सप्टेंबरात व्होडाफोन. दरवेळी कंपनीचा माणूस पेंटर घेऊन यायचा, फुकटात बोर्ड आणि शटर रंगवून जायचा. माझ्या शटरचा खालचा कोपरा घासला गेला होता, तिथे लाल, त्याखाली गुलाबी, त्याखाली नारिंगी असं सगळं एकदम दिसायचं. गिऱ्हाईक मात्र तेच आणि नंबरही तेच. आणि तो जाहिरातीतला पग कुत्रा, त्याला लोक अजूनही हचचा कुत्राच म्हणतात.

तुमच्या बाबांच्या आयडियाचा इतिहास तर आणखी मजेशीर. महाराष्ट्र-गोव्यात ती आधी बिर्ला एटी अँड टी होती, मग टाटांची आंध्रातली कंपनी त्यात आली आणि तिघांची नावं जोडून झालं बिर्ला टाटा एटी अँड टी, म्हणजे आद्याक्षरं घेतली की बटाटा! लोकांनी लगेच तेच धरलं, आणि मराठी माणसासमोर बटाटा नावाची फोन कंपनी किती दिवस टिकणार. २००२ मध्ये आयडिया हे नाव आलं, पुढे एटी अँड टी गेली, टाटाही बाहेर पडले, नाव राहिलं.

आता दोन वर्षांचं. एक कंपनी दुसरीला गिळते तेव्हा प्रश्नच नसतो, गिळणाऱ्याचं नाव राहतं. टेलिनॉर आणि टाटा डोकोमोचे नंबर एअरटेलकडे गेले, बोर्ड उतरले, विषय संपला. इथे तसं नव्हतं. ३१ ऑगस्ट २०१८ ला मर्जर झालं तेव्हा व्होडाफोनकडे सुमारे ४५ टक्के शेअर आणि आयडियावाल्या बिर्लांकडे २६, पण कारभारात हक्क बरोबरीचे. कुणाचं नाव पुसायचं? वर शहरात व्होडाफोन जोरात आणि गावाकडे आयडिया, एक नाव काढलं की अर्धं गिऱ्हाईक नाराज. म्हणून दोन्ही नावं चालू ठेवली आणि आतून काम सुरू केलं, म्हणजे एकाच गल्लीत दोघांची यंत्रणा असेल तर एक काढा, दोन्हीकडचं स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नलच्या लहरी, जोडा, असं एकेक सर्कल करत. हे अर्धवट असताना नवीन बोर्ड लावला असता तर रेंज गेली की पहिली शिवी नव्या नावाला बसली असती.

आणि मधे पैशाचं संकट होतंच. एजीआरच्या, म्हणजे कमाईतला जो वाटा सरकारला द्यायचा त्याच्या, थकबाकीचा निकाल ऑक्टोबर २०१९ मध्ये लागला, कंपनीच्या डोक्यावर सरकारचे ५० हजार कोटींच्या वर. १ सप्टेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते फेडायला दहा वर्षं दिली आणि ७ सप्टेंबरला 'वी' आलं. आता हा योगायोग की काय ते तुम्हीच ठरवा, मला तरी वाटतं दुकान चालू राहणार की नाही हेच माहीत नसताना कोणी पाटी रंगवत नाही.

नाव म्हणाल तर व्होडाफोनचा व्ही आणि आयडियाचा आय, उच्चार 'वी', इंग्रजीत म्हणजे आपण. कल्पना वाईट नाही हो, पण काउंटरवर सगळे 'व्हीआय' म्हणतात, आणि ते ऐकून एकदा एक आजी म्हणाल्या, विमा नको मला, रिचार्ज पाहिजे. खरं दुखणं नावाचं नाहीच. मर्जरच्या वेळी ४० कोटींच्या वर गिऱ्हाईक होतं, नाव बदललं तेव्हा २८ कोटींच्या आसपास उरलं होतं. २०१६ मध्ये जिओ आलं त्यानंतर लोक रेंज आणि डेटा बघून पोर्ट करत होते, रंग बघून नाही.

प्रश्न: मला फोन आला, "कंपनीचं नाव बदललंय, जुनं सिम आज रात्री बंद होईल, आलेला ओटीपी सांगा." मी सांगितला नाही, पण सिम खरंच बदलावं लागतं का?

उत्तर: नाही सांगितलात ते उत्तम. नाव बदललं म्हणून कोणाचंच सिम बदलावं लागलं नाही, नंबर आणि बॅलन्स सगळं होतं तसंच राहिलं. फार जुनं ३जी वालं सिम असेल तर ४जी साठी बदलून घ्या, पण स्वतः गॅलरीत जाऊन, आधार घेऊन, फोनवर नाही. आणि चुकून कोणाला ओटीपी दिलाच असेल तर आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार टाका. एक लक्षात ठेवा, सिम बदललं की त्यानंतर सात दिवस नंबर पोर्ट होत नाही, जुलै २०२४ पासूनचा नियम आहे, त्यामुळे दुकानदार आज पोर्ट होणार नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडू नका.