स्पिती : पावसाळ्यात की पावसाळ्यानंतर?

प्रश्न : पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आहेत. स्पितीत पाऊस पडत नाही असं ऐकलंय. लांगझा किंवा मुध गावात चार दिवस राहायचा विचार आहे. बरोबर ६७ वर्षांची आई आणि दहा वर्षांचा मुलगा असेल. मनालीवरून जावं की शिमल्यावरून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऐकलंत ते अर्धं खरं आहे. पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगा ढग अडवतात, म्हणून हिमाचलातलं स्पिती पर्जन्यछायेत येतं. महाबळेश्वर भिजत असताना माण-खटाव कोरडं राहतं, तसंच. पण तिथे पोचायचे दोन्ही रस्ते भर पावसाच्या पट्ट्यातून जातात. त्यामुळे तारीख गावाच्या हवेवरून नाही, रस्त्यावरून ठरवायची.

हिमाचलात मान्सून साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतो आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघतो. ऑगस्टमध्ये शिमल्याकडचा रस्ता वाटेतल्या किन्नौर जिल्ह्यात दरडींनी बंद पडतो. सतलजच्या अरुंद घळीत डोंगर उभा कापून रस्ता काढलाय. कड्याच्या भेगांत मुरलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही दगड सोडवत राहतं. म्हणजे ऊन पडलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. ११ ऑगस्ट २०२१ ला निगुलसरीजवळ एसटीसारखी सरकारी बस दरडीखाली सापडली, २८ माणसं गेली. मनालीकडे त्रास वेगळा. ग्राम्फू ते बातल हा रस्ता नाल्यांतूनच जातो आणि दुपारी हिमनदीचं बर्फ वितळलं की पाणी चढतं. सकाळी दहाच्या आत नाले ओलांडले नाहीत तर गाडी अडकते. २०२३ च्या जुलैत तर हिमवृष्टीमुळे चंद्रताल सरोवरापाशी सुमारे तीनशे पर्यटक अडकले होते.

आई बरोबर असताना ऑगस्ट नकोच. गणपती आटोपून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडा. शेतं तेव्हा कापलेली असतील, हिरवाई मिळणार नाही. पण आकाश स्वच्छ आणि रस्ता बराच भरवशाचा. शाळेसाठी दिवाळीपर्यंत थांबायचा मोह होईल. तेव्हा रात्री पारा शून्याखाली असतो, होमस्टेचे नळ गोठतात आणि मनालीकडच्या रस्त्यावरची कुंझुम खिंड बर्फाने कधीही बंद होते.

जायचं शिमल्याकडूनच. मनालीवरून एका दिवसात सुमारे २,००० मीटरवरून साडेचार हजारांवरची कुंझुम ओलांडून स्पितीतल्या मुख्य गावी, काझाला उतरलं की विरळ हवेने डोकेदुखी आणि उलट्या जवळजवळ ठरलेल्या. चंदीगडहून नारकंडा (२,७०० मी.), मग कल्पा (२,९६० मी.), ताबो (३,२८० मी.) आणि काझा (सुमारे ३,७०० मी.) असे मुक्काम घ्या, कल्पा आणि काझा इथे दोन-दोन रात्री. लांगझा ४,४०० मीटरवर आहे. तिथे मुक्काम नको, काझाहून दिवसा जाऊन या. राहायला मुध बरं, ते ३,८०० च्या आसपास आहे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर तेही सांगा. डोकं दुखत असेल तर आणखी वर चढायचं नाही, वाढलं तर लगेच खाली उतरायचं.

प्रश्न : आम्हा चौघा मित्रांना रजा फक्त जुलैअखेर मिळते. तरीही जायचं असेल तर?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जा, पण दोन दिवस राखून ठेवा आणि ते परतीच्या टोकाला. अडकायला होतं ते बहुधा परतताना, आणि चंदीगडचं विमान तुमची वाट बघत नाही. रोज पहाटे निघा, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोचा. अंधारात वरून येणारा दगड दिसत नाही. स्वतःची गाडी असेल तर शिमल्याकडून जाताना किन्नौरातल्या रिकाँग पिओच्या (थोडक्यात पिओ) खालच्या पोवारीला टाकी भरा, पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. रस्ता तुटला की बसवाले ‘ट्रान्सशिपमेंट’ करतात : तुटलेला भाग पायी ओलांडायचा, पलीकडे दुसरी बस. त्यासाठी चाकांची बॅग निरुपयोगी, पाठीवरची सॅकच हवी. रोख रक्कमही पिओलाच काढून ठेवा.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. त्याला परवाना लागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हो. शिमल्याकडून जाताना पिओ ते ताबो हा टप्पा सरहद्दीलगतचा आहे. भारतीयांना लागत नाही, पण परदेशी पासपोर्टवाल्यांना लागतो आणि ओसीआय कार्ड त्यातून सूट देत नाही. परवाना शिमल्यात किंवा पिओत निघतो. कार्यालय सुट्टीच्या दिवशी बंद असतं, म्हणून पिओला रविवारी पोचेल असा बेत आखू नका.