‘रू’ (Roux) या फ्रेंच आडनावाचा अर्थ लाल असाच ना? आणि बाईचं असेल तर त्याचं ‘रूस’ (Rousse) होतं का?

नाही होत. बाईचं असो नाहीतर पुरुषाचं, आडनाव रू म्हणजे रूच. एवढं ठासून सांगतेय कारण याच शब्दापायी माझं पुण्यातलं भाषांतराचं काम सुटलंय.

इथल्या एका मुलाचं फ्रेंच मुलीशी तिकडेच लग्न झालेलं, त्यांचा लग्नाचा दाखला इंग्रजीत करायला आमच्याकडे आला. मुलीचं आडनाव रू, मी आहे तसंच ठेवलं. तपासणाऱ्या सरांनी शेवटचा एक्स खोडला आणि डबल एस, ई घातलं, म्हणे विशेषण आहे, स्त्रीलिंगी नको का करायला. मी म्हटलं, सर, आपल्या अकाउंट्समधल्या काळे मॅडमना तुम्ही काळी मॅडम म्हणता का? तर म्हणाले मराठीचं व्याकरण फ्रेंचला लावू नका. झालं, पासपोर्टवर एक नाव, भाषांतरात दुसरं, कागद परत आला, त्या मुलीला पुन्हा हेलपाटे आणि खापर माझ्यावर. पुढच्या महिन्यापासून मला काम येणंच बंद. अहो, जन्मदाखल्यावर आहे त्यापेक्षा वेगळं नाव लावायचं नाही असा कायदाच आहे फ्रान्समध्ये, १७९४ पासून! लग्नानंतरसुद्धा कायद्याने बाईचं नाव तेच राहतं.

आता अर्थ. लाल म्हणजे रूज. रू म्हणजे तांबूस, मुख्यतः केसांचा रंग, खारीलाही म्हणतात. कुणाचे केस ‘रूज’ आहेत म्हणालात तर लोकांना वाटेल रंगवलेत. कुणा पूर्वजाचे केस तांबूस होते, तेच नाव घराण्याला चिकटलं, आपल्या गोरे-काळेंसारखं. लेरू, रूसो, रूसेल ही त्याचीच भावंडं. घटसर्पावरच्या सीरमवाले, पाश्चरचे सहकारी एमिल रू, त्यांचंही हेच आडनाव. व्हाइट सॉससाठी लोण्यात मैदा परततात त्यालाही रू म्हणतात, मुळात ते लोणी तांबूस करायचे म्हणून.

हां, एक आहे, चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत, खासकरून दक्षिणेकडे, बायकांचं आडनाव ‘रूस’ असं लिहिलेलं सापडतं, त्यामुळे वंशावळ शोधत असाल तर दोन्ही बघा. पण आमचा दाखला हल्लीचा होता!

तुम्हीही असलं काम करत असाल तर नाव कागदावर आहे तसंच उतरवा, आणि वरच्याने बदललं तर त्या पानावर सही करू नका. त्या पानावर सही माझी होती, सरांची नव्हती.