शिफारस बंधनकारक नसली तरी…

प्रश्न : मानवी हक्कांचे रक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ऑम्बुड्समनच्या (प्रशासनाविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याच्या) शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतील, तर त्याच्या कायदेशीर दर्जाला महत्त्व ते काय?

उत्तर : पुष्कळ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९३ साली स्वीकारलेली पॅरिस तत्त्वे, म्हणजे राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांसाठीचे निकष, अशा संस्थेचा अधिकार राज्यघटनेत किंवा कायद्यात नमूद असावा, असे सांगतात. कारण केवळ शासकीय आदेशाने निर्माण झालेली संस्था तशाच दुसऱ्या आदेशाने मोडीत काढता येते. स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेने संसदेकडून नेमल्या जाणाऱ्या या अधिकाऱ्याला प्रशासनावर देखरेखीचा अधिकार तर दिलाच, शिवाय कायद्याच्या घटनात्मकतेला घटना न्यायालयात आव्हान देण्याचीही मुभा दिली, आणि माझ्या मते हीच तरतूद सर्वांत मोलाची आहे. शिफारस नाकारली गेली, तरी तो संसदेपुढे अहवाल ठेवून तिला सरकारकडे जाब मागायला लावू शकतो.