पूल पाण्याखाली, ॲप म्हणतं सरळ जा

खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो, हे पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मग रस्ता दाखवणारं नकाशाचं ॲप त्यावरूनच का पाठवतं? (डेक्कन)

ॲपच्या लेखी शहर म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रत्येक रेघ पार करायला किती सेकंद लागतात ते मांडलेलं असतं. बेरीज सर्वांत कमी येईल तो तुमचा रस्ता. हे सेकंद कळतात ते बरेचसे इतरांच्या फोनवरून. लक्ष्मी रस्त्यावर फोन मुंगीच्या पावलांनी सरकू लागले की कोंडी लगेच ओळखता येते. पण भिडे पुलावर बॅरिकेड लागलं की तिथे एकही फोन उरत नाही, आणि रात्री तीन वाजताही तो असाच रिकामा असतो. माहिती नसली की नेहमीचा वेग धरायचा, असा नियम लिहिला असेल तर पाण्याखालचा पूल झकास मोकळा दिसतो!

ऐन गर्दीच्या वेळी पूल शांत आणि शेजारच्या झेड ब्रिजवर दुचाकींची झुंबड, असं दिसलं तर संशय घ्यायला प्रोग्रॅमला शिकवता येतं. लोकांच्या तक्रारीही घेतात, पण एकाने कळवलं म्हणून रस्ता बंद करता येत नाही. आपल्या गल्लीतली रहदारी टळावी म्हणून बटण दाबणारे महाभाग असतात. शिवाय पूल पुन्हा सुरू झाल्याचं कळवायला कुणी फिरकत नाही, ते वेगळंच.

चांदणी चौकात मी पुलावर आहे की खाली, हे ॲपला कळत नाही. जीपीएस खराब आहे का? (बावधन)

नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत जागा सांगतं, पण उंची सांगताना जास्त चुकतं. एकावर एक रस्ते असले की ॲप तुम्ही कुठून आलात, कुठे वळलात, यावरून अंदाज बांधतं. चुकीच्या रॅम्पला लागलात तर चूक उमगायला थोडं पुढे जावं लागतं. आणि ऑफलाइन नकाशा जुना असेल तर तो आधी अपडेट करा. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवा ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला.

नेट नसताना जीपीएस चालतं का? (भोर)

चालतं. फोन उपग्रहांचं फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. नेट नसेल तर सुरुवातीला ठिकाण सापडायला वेळ लागतो, इतकंच. नकाशा मात्र आधीच उतरवून ठेवा.

पेठांतल्या दुचाकीस्वारांसाठी ॲप हे फायनल इयरचं प्रोजेक्ट. सुरुवात कुठून करू? (नऱ्हे)

नकाशा काढत बसू नका. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोकांनी मिळून उभा केलाय, तो फुकट मिळतो. रस्ता शोधायला ओएसआरएम किंवा ग्राफहॉपर हा तयार प्रोग्रॅम घ्या. सर्वांत कमी बेरजेचा रस्ता शोधायची डायक्स्ट्राची १९५९ ची रीत पुन्हा लिहून मार्क मिळतील, ॲप होणार नाही. खरं काम पायी आहे: कुठल्या बोळातून दुचाकी निघते, कुठला वाड्याच्या दारात संपतो, एकेरीची पाटी कुठे आहे. गणपतीत मांडव पडले की यातलं निम्मं बदलतं, म्हणून तात्पुरत्या बंदीची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय द्या, परवान्याची तशी अटच आहे.