बायोटेकच्या विद्यार्थ्यांना थर्मोडायनॅमिक्स कशासाठी शिकवतात?

तुम्ही लातूरला बी.एस्सी. बायोटेकला आहात आणि विचारताय, वाफेची इंजिनं आम्हाला चालवायची नाहीत, मग उष्णता आणि ऊर्जेच्या हिशेबाचा हा पेपर आमच्या माथी कशाला? मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, म्हणजे अल्कोहोल बनवणाऱ्या विभागात, फर्मेंटेशन (आंबवण्याचं काम) सांभाळतो. माझं रोजचं काम याच पेपरावर चालतं, म्हणून तिथलंच सांगतो.

मळी पातळ करून तिच्यात यीस्ट सोडलं की साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. एक मोल ग्लुकोजमागे, म्हणजे 180 ग्रॅममागे, सुमारे 235 किलोजूल मुक्त ऊर्जा, म्हणजे कामाला लावता येणारी ऊर्जा, सुटते. यीस्टच्या पदरात पडतात पेशीचं ऊर्जेचं चलन असलेल्या एटीपीचे फक्त दोन रेणू (दर ग्लुकोज रेणूमागे), म्हणजे प्रमाण परिस्थितीत (तुलनेसाठी ठरवलेल्या तापमान, दाब आणि तीव्रतेला) मोलमागे 61 किलोजूल. हवा मिळाली तर त्याच साखरेतून कितीतरी जास्त एटीपी मिळतात. म्हणूनच आपण हवा तोडतो: कमाई तुटपुंजी, त्यामुळे यीस्टला पोटासाठी भरपूर साखर फोडावी लागते आणि आपल्याला अल्कोहोल मिळतं.

आता उष्णता. ग्लुकोज आणि अल्कोहोलच्या दहन-उष्णतेची वजाबाकी केली की मोलमागे साधारण 70 किलोजूल येतात. मग 235 कुठून आले? बाकीचं एन्ट्रॉपीचं, म्हणजे रेणू आणि ऊर्जा विखुरण्याचं. एका मोठ्या रेणूचे चार लहान रेणू झाले, त्यातले दोन तर वायू होऊन निघून गेले. पुस्तकातलं ΔG = ΔH − TΔS हे सूत्र (ΔG मुक्त ऊर्जेतला बदल, ΔH एन्थॅल्पीतला म्हणजे उष्णतेतला, ΔS एन्ट्रॉपीतला, T तापमान) मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

70 किलोजूल ऐकायला किरकोळ वाटतात. पण लिटरभर वॉशमध्ये, म्हणजे आंबणाऱ्या पातळ मळीत, 150 ग्रॅम साखर असेल आणि उष्णता बाहेर काढलीच नाही, तर वॉश जवळपास 14 अंशांनी तापेल. 32 चे 46 झाले की यीस्ट संपलं. लॅबच्या फ्लास्कमध्ये हे कळतही नाही, कारण काचेतून उष्णता आपोआप निघून जाते. लाखो लिटरच्या टाकीत आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग फार कमी पडतो, म्हणून वॉश सतत हीट एक्स्चेंजरमधून (थंड पाण्याला उष्णता देणाऱ्या यंत्रातून) फिरवावा लागतो. तिथं लागणारं थंड पाणी कूलिंग टॉवरमधून येतं, आणि टॉवर चालतो घरच्या कूलरसारखा: पाण्याचा काही भाग उडून जाताना उरलेल्याची उष्णता नेतो. त्यामुळे त्याची मर्यादा ओल्या थर्मामीटरचं, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं, तापमान ठरवतं; पाणी त्याहून थंड होत नाही. मे महिन्यात 42 अंश आणि हवेत 15 टक्के आर्द्रता असेल तर हे तापमान 22 च्या आसपास असतं. जुलैत 30 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर 26. म्हणजे फर्मेंटरला आपला कोरडा उन्हाळा पावसाळ्यापेक्षा सोपा जातो! मात्र हजार लिटर वॉशमागे अंदाजे 24 लिटर पाणी हवेत जातं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यामुळे या भागात हा हिशेब हलका घेता येत नाही.

तुमचं क्षेत्र कामाला येतं ते इथं. 32 ऐवजी 38 अंशांवर नीट काम करणारं यीस्ट मिळालं, तर 28 अंशांच्या पाण्याशी फरक 4 वरून 10 होतो, आणि तोच एक्स्चेंजर अडीच पट उष्णता काढतो. उष्णता सोसणाऱ्या क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानससारख्या यीस्टवर संशोधन होतं, त्याचं हे एक मोठं कारण.

तुमच्या लॅबमधलंही थोडक्यात सांगतो. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीत) प्रायमर, म्हणजे डीएनएला चिकटणारा छोटा तुकडा, किती तापमानाला सुटेल, औषधाचा रेणू प्रथिनाला किती घट्ट चिकटेल, हे एन्थॅल्पी-एन्ट्रॉपीवरूनच काढतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो मात्र स्पेंट वॉशचा (अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याचा) बायोगॅस डायजेस्टर, म्हणजे त्यापासून गॅस बनवणारी बंद टाकी. प्रोपिओनिक आम्लाचं ॲसिटिक आम्ल करणारे जिवाणू त्यात असतात. या क्रियेचा ΔG प्रमाण परिस्थितीत अधिक 76 किलोजूल, म्हणजे आपणहून न होणारी. तरी होते, कारण शेजारचे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हायड्रोजन तयार होताच खाऊन टाकतात. हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या सुमारे दहाहजाराव्या हिश्श्याखाली राहिला तरच दोघांचं पोट भरतं. डायजेस्टरला एकदम जास्त माल घातला की हायड्रोजन साचतो, आम्लं तुंबतात, पीएच घसरतो आणि गॅस बंद पडतो. शेतावरच्या गोबरगॅसलाही हेच लागू आहे, म्हणून खाद्य वाढवायचं ते हळूहळू, आणि गॅस कमी होताना दिसला की आधी खाद्य थांबवायचं.