दमा: अडचण श्वास सोडताना का येते?

प्रश्न: माझ्या ११ वर्षांच्या मुलीला दमा आहे. धाप लागली की तिला श्वास आत घेता येत नाही असं मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, अडचण श्वास सोडताना येते. ते कसं? आणि त्रास नसतानाही रोजचा पंप घ्यायला सांगितलाय. त्याची सवय लागेल का?

उत्तर: श्वास घेताना छाती फुगते, तशा श्वासनलिकाही ताणल्या जाऊन थोड्या रुंदावतात. सोडताना त्या अरुंद होतात. दम्यात नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो, त्यामुळे सोडताना उरलीसुरली वाटही मिटत येते. शिट्टीसारखा आवाज तिथलाच. हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. मुलीला श्वास ‘आत जात नाही’ असं वाटतं ते यामुळे.

तातडीच्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं. पाचेक मिनिटांत आराम पडतो, तो चार ते सहा तास टिकतो. सूज मात्र तशीच राहते. ती उतरवतो रोजचा स्टिरॉइडचा पंप, तोही हळूहळू. तो बंद केला तर सुरुवातीला काहीच बिघडलेलं दिसत नाही, सूज मात्र हळूहळू परत येते, आणि इथेच बहुतेक घरांची फसगत होते. सवय लागत नाही. औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नलिकांत जातं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो थांबवू नका. तातडीचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजा.

प्रश्न: पंप नियमित घेऊनही गुण येत नाही. औषध बदलावं का?

उत्तर: आधी घेण्याची पद्धत तपासून घ्या. फवारा आधी आणि श्वास मागून, किंवा श्वास झटक्यात ओढला, की औषध घशालाच चिकटतं. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाचं तोंड ओठांत घट्ट धरून श्वास हळू घ्यायला लागा आणि त्याच क्षणी दाबा. तीन-पाच सेकंद ओढत राहा, मग दहा सेकंद रोखा. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटाने. वेळ साधत नसेल तर पंपाला स्पेसर (फवारा साठवणारी पोकळ नळी) लावा. लहान मुलांना तो हवाच. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, एक वाक्य सलग बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच रुग्णालय गाठा. वाटेत बसतं ठेवा, आडवं करू नका. धाप तशीच असताना शिट्टीचा आवाज बंद पडला, तर बरं वाटतंय असं समजू नका: हवा जवळजवळ हलतच नाहीये.