व्हेनमला मराठीत शब्द नाही म्हणे!

प्रश्न असा आलाय की साप, विंचू, गोगलगायी यांच्या विषापासून औषधं तयार करतात त्याबद्दल लिहिताना व्हेनम (दंशातून किंवा नांगीतून शरीरात सोडलं जाणारं) आणि पॉयझन (खाल्ल्याने किंवा स्पर्शाने बाधणारं) यातला फरक मराठीत कसा दाखवायचा, आपण तर दोन्हीला विषच म्हणतो. आणि मागोमाग तो नेहमीचा सूर, की मराठीत शब्दच नाहीत. हे ऐकून ऐकून कान किटलेत. अहो शब्द आहे, सुश्रुतसंहितेतच आहे, जंगम विष. वनस्पती आणि खनिजांचं ते स्थावर, प्राण्यांचं ते जंगम, मालमत्तेच्या कागदात असते तीच जोडी. सुश्रुताने जंगम विषाची 16 स्थानं सांगितलीत आणि त्यात दाढ, नखं यांच्याबरोबर लाळ पण आहे. हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याची विषग्रंथी खालच्या जबड्यात असते आणि विष लाळेत मिसळूनच चाव्यात उतरतं, त्याच विषात जॉन एंग यांना 1992 मध्ये एक्सेंडिन-4 हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, सापडलं आणि त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड 2005 पासून डायबेटिसवर वापरात आहे. बेडकाच्या कातडीचं विष पण जंगमातच येतं हे मान्य, तो फरक जिथे महत्त्वाचा असेल तिथे दंशविष म्हणा, कुणालाही कळेल.

पण व्हेनमला जहर म्हणा आणि पॉयझनला विष, अशी वाटणी काही जाणकार सुचवतात ती मला अजिबात पटत नाही. जहर फारसीतून आलं आणि त्याचं मूळ आपल्या 'हन्' धातूच्या इराणी भावंडात आहे, म्हणजे जहर म्हणजे मारण्याचं साधन. ज्यातून औषध काढायचं त्याला मुद्दाम मारण्याचंच नाव कशाला द्यायचं?

विष या शब्दाचं तसं नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, पाण्याची नावं दिलीत त्यात 'विषम्' आहे! अमरकोशातही विषाचा पाणी हा अर्थ नोंदलाय. लॅटिन 'वीरुस' हा विषाचा सख्खा भाऊ, त्याचा अर्थ चिकट द्रव आणि विष, आणि तोच पुढे आपला व्हायरस झाला. चरकसंहिता म्हणते की ते पाहून जग विषण्ण झालं म्हणून विष, पण ही कथा आहे, व्युत्पत्ती नव्हे, आणि तीच पुन्हा पुन्हा पुढे ढकलणाऱ्यांनी निघंटू एकदा उघडून बघावा. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, व्यापणे या अर्थाचा विष् देतो ते त्यामानाने बरं. माझं मत असं की मुळात विष म्हणजे नुसता वाहणारा, पसरणारा द्रव, चांगलाही नाही आणि वाईटही नाही, मारक हा अर्थ नंतर चिकटला. लॅटिन 'वेनेनुम', ज्यातून व्हेनम आला, तोही असाच. मूळ अर्थ प्रेमाचा काढा, व्हीनस देवीच्या नावाशी नातं, आणि आपल्या 'वन्' म्हणजे इच्छिणे या धातूशी पण. रोमन कायदेपंडित गायस तर स्पष्ट म्हणतो की वेनेनुम म्हणणाऱ्याने चांगलं की वाईट ते सांगायला हवं, कारण औषधंही वेनेनुमच. म्हणजे विषापासून औषध यात शब्दाच्या बाजूने काहीच विचित्र नाही.

आता बातम्यांबद्दल. सापाच्या विषाची बीपीची गोळी असं छापतात ते चूक आहे. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात सेर्जिओ फेरेरा यांना 1965 मध्ये ब्रॅडीकायनिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या शरीरातल्याच द्रव्याचा, परिणाम वाढवणारे घटक सापडले, त्यातलं पेप्टाइड तोंडाने घेऊन चालत नव्हतं म्हणून त्याच्या कामाच्या पद्धतीवरून कॅप्टोप्रिल हा छोटा रेणू प्रयोगशाळेत बनवला, 1981 मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. गोळीत विषाचा थेंब नसतो. रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या टिरोफिबानचं पण तसंच, फुरशाच्या विषातल्या प्रथिनावरून सुचलेलं, पण रसायन माणसाने बनवलेलं. तेव्हा 'विषावरून बनवलेलं' असं लिहा. शंकूगोगलगायीच्या विषातलं झिकोनोटाइड मात्र हुबेहूब तसंच घडवतात आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडतात, तीव्र वेदनेवर, तिथे 'विषातलं' चालेल.

आणि या औषधांना प्रतिविष म्हणू नका. प्रतिविष म्हणजे घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं, सर्पदंशावर देतात ती. प्रतिविषाला लस म्हणणंही बंद करा, लस रोगाच्या आधी टोचतात आणि प्रतिविष साप चावल्यावर.